परभणीच्या तारखा कोण ठरवते?

परभणी जिल्ह्यातल्या जमिनीच्या जुन्या वादात एका कायद्याचे नाव हमखास येते: 'हैदराबाद जमीन महसूल अधिनियम, १३१७ फसली'. १३१७ फसली म्हणजे इसवी सन १९०७-०८. कायदा निजामाच्या राजवटीतला, पण तो राजवटीबरोबर गेला नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची फौज शरण आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी परभणी द्वैभाषिक मुंबई राज्यात आली आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. तरीही तलाठ्यापासून कलेक्टरापर्यंत सगळ्यांना बांधणारा महसुली कायदा हाच राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. ती अमलात आली १५ ऑगस्ट १९६७ रोजी. तोवर, म्हणजे चंद्रावर माणूस उतरायला दोन वर्षे उरली होती तेव्हाही, परभणीच्या शेतसाऱ्याच्या कायद्याच्या नावात फसली सन होता.

कायद्यांची नावे नुसती एकाखाली एक लिहिली तरी कालगणना कधी बदलली ते दिसते. महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा. कुळांचा कायदा मात्र 'हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०'. अतियात, म्हणजे इनामी देणग्यांच्या, चौकशीचा १९५२ चा, इनामे रद्द करण्याचा १९५४ चा. राज्य हैदराबादच, जमीन तीच, कज्जेही बहुधा त्याच घरांतले. कागदाच्या डोक्यावरचा सन तेवढा बदललेला. तो परभणीने बदलला नाही. आधीचा सनही परभणीने निवडलेला नव्हता.

फसली सन इसवीत आणणे वरवर सोपे आहे. ५९० मिळवा, झाले. पण हैदराबादच्या दप्तरी फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. महिन्यांची नावे इराणी सौर पद्धतीची: आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. त्यामुळे १३४५ फसलीतल्या आजूर महिन्याचा कागद १९३५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा ठरतो. त्याच १३४५ फसलीतल्या खुर्दादचा कागद मात्र १९३६ च्या एप्रिलच्या आसपासचा. पहिल्याला ५९० मिळवायचे, दुसऱ्याला ५९१. बहमन तर डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीत संपतो, म्हणून तिथे तारीख पाहिल्याशिवाय वर्ष सांगता येत नाही. महिना न वाचता सरसकट ५९० मिळवणारा माणूस वर्षातल्या बहुतेक कागदांना एक वर्ष मागे ढकलतो.

ही आकडेमोड केवळ अभ्यासकांची राहिलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांत निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. त्या नोंदींत आजोबा-पणजोबांचे नाव सापडणे ही एक पायरी. त्या नावाशेजारचा सन कोणता हे नीट लावणे ही दुसरी. दुसरीची चर्चा कमी झाली, पण पिढ्यांचा हिशेब तिच्याशिवाय जुळत नाही.

अशा कामासाठी इतिहासकारांकडे जंत्र्या असतात. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट सेवेल यांनी १८९६ मध्ये भारतीय कालगणनेच्या कोष्टकांचा मोठा ग्रंथ इंग्रजीत काढला. त्याच वर्षी दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथही आला. त्याआधी बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री होतीच. जंत्रीचे काम एकच: दुसऱ्या कोणीतरी गणित करून ठेवलेले आहे, आपण ओळ शोधायची आणि तारीख उचलायची. परभणीच्या माणसाने स्वतः सूर्य-चंद्राचे गणित करावे अशी अपेक्षा कुणी कधीच ठेवली नाही. पंचांग सोलापुराहून किंवा पुण्याहून आले, सुट्ट्या आधी हैदराबादहून आणि मग मुंबईहून आल्या, भिंतीवरचे कालनिर्णय १९७३ पासून मुंबईहून येत आहे. तारीख बाहेरून यायची, हे इथे गृहीतच आहे. प्रश्न असतो तो वेगळा: बाहेरच्याने तारीख बदलली तर ती बातमी इथल्या भिंतीपर्यंत, टेबलापर्यंत, हल्ली पडद्यापर्यंत कशी पोचते?

स्वतंत्र भारतात याचे एक सरकारी उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. नोव्हेंबर १९५२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्यात मराठी माणसेही होती, त्यांत नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर. समितीचा अहवाल १९५५ मध्ये छापला गेला. त्याच्या प्रास्ताविकात नेहरूंनी देशात सुमारे ३० निरनिराळी पंचांगे चालतात असे नमूद केले आहे. अहवालातून निघाले ते राष्ट्रीय सौर पंचांग. २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र शके १८७९ ठरला.

परभणीपुरते पाहा. मुंबई राज्यात सामील होऊन जिल्ह्याला पाच महिनेही झाले नव्हते. ज्या कारकुनाने १९४७ मध्ये फसली १३५७ लिहिले, तो नोकरीत टिकला असेल तर दहा वर्षांत त्याच्या लेखणीखाली तीन सन येऊन गेले. घरात त्याने या तिन्हींतल्या एकानेही सण केला नाही. सण झाले ते चांद्र तिथीने, किंवा हिजरी चंद्राने.

राष्ट्रीय पंचांगाचा ठसा आजही एका कागदावर दरवर्षी दिसतो. महाराष्ट्र शासनाची सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ खाली निघते. हा अधिकार केंद्राच्या गृह मंत्रालयाने ८ मे १९६८ च्या अधिसूचनेने राज्याकडे सोपवला, आणि त्या अधिसूचनेचा हवाला सुट्ट्यांच्या यादीच्या वर आजही छापला जातो. यादीत रकाने असतात: सुट्टीचे नाव, इंग्रजी तारीख, भारतीय सौर दिनांक, वार. प्रजासत्ताक दिनापुढे २६ जानेवारी २०२५, मग ६ माघ शके १९४६, मग रविवार. सौर दिनांकाचा तो रकाना वाचून कुणी रजेचा अर्ज टाकल्याचे ऐकिवात नाही. पण तो आहे, आणि आकाशवाणीच्या सकाळच्या निवेदनात आहे. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यावे लागणार आहे, कारण संगणकाने भारताचे म्हणून जे पंचांग उचलले ते हेच.

आता संगणकाकडे. इथले कागद वेगळे आहेत, पण कागदच आहेत. सप्टेंबर १९९६ मध्ये अॅपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स या कंपन्यांच्या 'व्हर्सिट' गटाने व्ही-कॅलेंडर नावाची लिहिण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एका यंत्रातली भेट दुसऱ्या यंत्राला वाचता यावी, एवढा तिचा हेतू. नोव्हेंबर १९९८ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या इंटरनेट इंजिनीअरिंग टास्क फोर्सने तीन दस्तऐवज एकदम काढले, क्रमांक २४४५, २४४६ आणि २४४७. पहिल्याचे लेखक फ्रँक डॉसन आणि डेरिक स्टेनरसन. त्यात आय-कॅलेंडर ही लिहिण्याची पद्धत आली. दुसऱ्यात भेटीगाठी ठरवण्याची देवाणघेवाण. तिसऱ्यात ती देवाणघेवाण ई-मेलने कशी करायची ते.

मेलच्या प्रोग्राममध्ये कॅलेंडर का शिरले याचे उत्तर या तिसऱ्या दस्तऐवजात आहे. बैठकीचे निमंत्रण मेलने यायचे, 'येतो' किंवा 'येत नाही' हे उत्तर मेलने जायचे. मग तारीख नोंदवायला दुसरा प्रोग्राम कशाला उघडायचा? कचेरीच्या दृष्टीने हे बरोबरच होते. पण निमंत्रणावर उभ्या असलेल्या या रचनेत एक जागा सुटली. आषाढी एकादशी कुणाला निमंत्रण पाठवत नाही आणि तिला उत्तरही नको असते. दुसऱ्या दस्तऐवजात याची जाण दिसते: 'प्रसिद्ध करणे' असा एक प्रकार त्यात आहे, जिथे एकजण तारखा जाहीर करतो आणि उत्तराची अपेक्षा नसते. मात्र जाहीर केलेल्या तारखा वाचणाऱ्याच्या यंत्राने पुन्हा पुन्हा जाऊन ताज्या करून आणाव्यात, याची सांगोपांग रीत १९९८ च्या त्या कागदांत बसवलेली नव्हती.

ती रीत वहिवाटीने पडली. २००२ मध्ये अॅपलने आय-कॅल नावाचा प्रोग्राम काढला आणि 'वेबकॅल'ने सुरू होणारे पत्ते रूढ झाले. पत्ता दिला की प्रोग्राम ती फाइल नुसती उचलत नाही, तिचा वर्गणीदार होतो. ठरावीक वेळाने जाऊन नवी प्रत आणतो. आउटलुकमध्ये ही सोय २००७ च्या आवृत्तीत आली. मोझिलाच्या घरात वाट लांबची होती. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ ची, तिच्यात कॅलेंडर नव्हतेच. कॅलेंडरसाठी सनबर्ड नावाचा वेगळा प्रोग्राम होता. २००६ मध्ये थंडरबर्डला जोडायची 'लाइटनिंग' ही पुरवणी आली, २०१५ च्या ३८ व्या आवृत्तीपासून ती सोबतच मिळू लागली आणि २०२० च्या ७८ व्या आवृत्तीत ती प्रोग्रामचाच भाग झाली. आवृत्त्यांचा हा क्रम वाचला की लोकांची मागणी कळायला आणखी कागद लागत नाहीत. जो मेल वाचतो त्याला शेजारीच दुसऱ्याचे कॅलेंडर हवे होते, आणि ते देता देता एका प्रोग्रामला सोळा वर्षे लागली.

फाइल कितीदा ताजी करायची, तिचा मूळ पत्ता कोणता, तिचे नाव काय, या गोष्टी तर मानकात आल्या ऑक्टोबर २०१६ मध्ये, ७९८६ क्रमांकाच्या दस्तऐवजात. तोवर हे सगळे ज्याच्या त्याच्या मर्जीने चालले होते. मानक मागून आले, वहिवाट आधी पडली. महसूल खात्यात काम केलेल्याला यात काही नवल वाटू नये.

या फाइलची आतली रचना अगदी साधी आहे. प्रत्येक घटनेला सुरुवातीची ओळ, शेवटची ओळ, मधे एक कायमची ओळखखूण, तारीख, आणि शीर्षकाची ओळ. तिला 'समरी' म्हणतात. २००९ मध्ये ५५४५ क्रमांकाच्या दस्तऐवजाने १९९८ चे मानक सुधारून लिहिले, तेव्हाही एक जुना दंडक कायम राहिला: कोणतीही ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नसावी. लांब झाली तर मोडून पुढच्या ओळीवर न्यायची आणि त्या ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा सोडायची.

रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीत, प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीने, प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळे स्वतंत्र धरून. आता 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' हे शीर्षक घ्या. 'मराठवाडा' मध्ये आठ चिन्हे, म्हणजे २४ बाइट. मग एक मोकळी जागा. 'मुक्तिसंग्राम' मध्ये तेरा चिन्हे, ३९ बाइट. पुन्हा एक मोकळी जागा. इथवर ६५ झाले. ओळीच्या आरंभी रोमन 'समरी' आणि तिच्यामागचे दोन टिंबांचे चिन्ह यांनी ८ बाइट आधीच खाल्लेले आहेत, म्हणजे एकूण ७३. उरले दोन. 'दिन' मधल्या 'द'ला हवेत तीन. बाइट मोजून आंधळेपणाने ओळ मोडणारा प्रोग्राम इथे 'द' अक्षराचे दोन तुकडे करतो: दोन बाइट वरच्या ओळीत, एक खालच्या. वाचणाऱ्या प्रोग्रामने ओळी आधी नीट जोडल्या आणि मग अक्षरे लावली तर काही बिघडत नाही. उलटे केले तर परभणीच्या पडद्यावर सतरा सप्टेंबरला 'दिन'च्या जागी काळे चौकोन आणि प्रश्नचिन्हे उमटतात. २००९ च्या दस्तऐवजाला हा धोका माहीत होता. अगदी साध्या प्रोग्रामकडून अक्षराच्या मधोमध ओळ मोडली जाऊ शकते, अशी सूचना त्याने लिहून ठेवली आहे. 'छत्रपती शिवाजी महाराज जयंती'चीही गत हीच, ती ओळ ८३ बाइटची होते.

दुसरी एक खोड भारतीय वेळेची. सुट्टी ही तारखेला असते, घड्याळाला नाही. ती नुसती तारीख म्हणून लिहायची सोय मानकात आहे. पण यादी करणाऱ्याने ती ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंतची वेळ म्हणून लिहिली, तर आपल्याकडे ती सुट्टी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला संपते. कॅलेंडरात ती दोन दिवसांवर पसरलेली दिसते. रजा मंजूर करणाऱ्या साहेबाला हे दाखवून उपयोग नाही.

या सगळ्या दुरुस्त होण्याजोग्या गोष्टी आहेत. खरी अडचण तिथीची आहे.

मेलच्या प्रोग्रामला वार्षिक घटना सांगता येते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. त्या दिवशी परभणीत खरीप मेळावा भरतो. रब्बीचा मेळावा १७ सप्टेंबरला. या दोन नोंदी एकदा लिहिल्या की 'दरवर्षी' एवढा नियम पुरतो, बाहेरच्या कुणाची गरज नाही. परभणीच्या हजरत तुराबुल हक दर्ग्याचा उरूसही २ फेब्रुवारीला सुरू होतो, त्यालाही हाच नियम चालतो. हिजरी तारखेने तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकला असता.

पण गजानन महाराजांची पालखी शेगावहून निघून परभणी, गंगाखेड करत पंढरपूरला जाते, ती कोणत्या दिवशी शहरात येणार? ते आषाढी एकादशीवरून मागे मोजून ठरते. आणि आषाढी २०२२ मध्ये १० जुलैला होती, २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. यात 'दरवर्षी' आहे, पण संगणकाला सांगता येईल असा नियम नाही.

मानक लिहिणाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. १९९८ च्या दस्तऐवजात कालगणना सांगायची एक ओळ होती, तिला किंमत मात्र एकच ठरलेली: ग्रेगोरियन. मे २०१५ मध्ये ७५२९ क्रमांकाचा दस्तऐवज आला. सायरस डाबू आणि ग्रेगरी याकुशेव यांनी त्यात ग्रेगोरियनेतर कालगणनेने पुनरावृत्ती सांगायची सोय केली. चिनी नववर्ष, हिब्रू महिने, इथिओपियाचा तेरावा महिना अशी उदाहरणे त्यात आहेत. अधिक महिन्यासाठी क्रमांकाला एक अक्षर जोडायचे, तो महिना नसलेल्या वर्षी घटना वगळायची की पुढेमागे सरकवायची तेही सांगायचे. इतके झाल्यावर वाटते, आता आपलेही काम झाले.

झाले नाही. कोणत्या कालगणना चालतील याची यादी त्या दस्तऐवजाने युनिकोडच्या सामायिक नोंदीतून घेतली. तिथे 'इंडियन' नावाने नोंदलेली आहे ती साहा समितीची राष्ट्रीय सौर गणना. म्हणजे संगणकाला भारताचे पंचांग येते, पण जे येते त्याने परभणीत एकही सण होत नाही. त्याने फार तर अधिसूचनेचा तो तिसरा रकाना भरता येईल.

चांद्र पंचांगाची नोंद नुसती वाढवून हे सुटणार नाही, आणि याचे कारण पंचांगातच आहे. चिनी महिन्यात दिवस एक, दोन, तीन असे सरळ मोजले जातात. आपल्या महिन्यात दिवसाला तिथीचे नाव मिळते ते सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचे. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी संपते. चंद्राची चाल कमीजास्त होते, म्हणून तिथी कधी २० तासांहून थोडी लहान तर कधी २६ तासांहून मोठी. मोठी तिथी दोन सूर्योदय पाहते आणि दोन दिवसांना एकच नाव येते, ही वृद्धी. लहान तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच उगवून मावळते, हा क्षय. ज्या मोजणीत सातनंतर एकदम नऊ येऊ शकतो किंवा सात पुन्हा येऊ शकतो, तिला महिना आणि दिवसाचा क्रमांक देऊन बांधता येत नाही.

त्यातही सूर्योदय कुठला? मुंबई सुमारे ७२.९ अंश पूर्व रेखांशावर, परभणी सुमारे ७६.८ वर. एका अंशाला चार मिनिटे धरली तर परभणीत सूर्य मुंबईच्या १५ मिनिटे आधी उगवतो. समजा परभणीत ६.१० ला उजाडले, मुंबईत ६.२५ ला, आणि दशमी ६.१७ ला संपली. त्या दिवशी परभणीत दशमी, मुंबईत एकादशी. वर्षातून असे फार वेळा घडत नाही, पण घडले की भांडण नक्की. राष्ट्रीय पंचांगाने यावर तोडगा म्हणून ८२.५ अंश रेखांश आणि उज्जैनीचे अक्षांश असलेले एक मध्यवर्ती ठिकाण धरले आहे. ते ना मुंबईचे ना परभणीचे.

म्हणून तिथीचे कॅलेंडर मेलच्या प्रोग्रामला स्वतः तयार करता येत नाही. कुणीतरी गणित करून तारखांची यादी द्यायची, बाकीच्यांनी तिची वर्गणी घ्यायची. जंत्रीचीच व्यवस्था, फक्त छपाईनंतरही बदलता येणारी. बाहेरच्या कॅलेंडरची सोय मागणारा लंडनमधला माणूस फुटबॉलच्या सामन्यांसाठी ती मागत असेल. परभणीत तिच्याशिवाय वर्षच पुरे होत नाही.

छपाईनंतर बदलता येणे किती महत्त्वाचे, याचे दोन दाखले अलीकडचे. २०२३ च्या सुट्ट्यांच्या यादीत बकरी ईद २८ जूनला होती. चंद्रदर्शनानंतर ईद २९ जूनला आली, आणि राज्य शासनाने सुट्टी २८ वरून २९ ला नेली. मुंबईच्या शेअर बाजारालाही त्याप्रमाणे आपली सुट्टी हलवावी लागली. २९ जूनलाच आषाढी एकादशीही होती, आणि २८ चा बुधवार कामाचा ठरला. भिंतीवरच्या छापील कॅलेंडरांत २८ तारीख लाल ती लालच राहिली. मेलच्या प्रोग्राममध्ये ज्यांनी सुट्ट्यांची फाइल एकदाच उतरवून आत घेतली होती, त्यांच्याकडेही तीच गत; ती फाइल म्हणजे डिसेंबरातल्या यादीची झेरॉक्स. ज्यांनी तीच फाइल पत्त्याने जोडली होती त्यांच्याकडे तारीख बदलू शकत होती, अर्थात फाइल ठेवणाऱ्याने ती बदलली असेल तर. आणि त्याने घटनेची मूळ ओळखखूण तीच ठेवली असेल तर, नाहीतर फाइल आत घेतलेल्याने पुन्हा आत घेतली की दोन्ही तारखांना ईद दिसते.

दुसरा दाखला २०२५ चा, आणि परभणीसाठी तो जास्त बोलका आहे. ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवारी ५ सप्टेंबरला होती. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणुकांची गर्दी. म्हणून शासनाने ती सुट्टी सोमवारी ८ सप्टेंबरला नेली, पण फक्त मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांत. बाकी महाराष्ट्रात ५ तारीखच कायम. आता 'महाराष्ट्रातील सुट्ट्या' नावाची एकच फाइल सगळ्यांना पुरवणारा माणूस मुंबईत बसला असेल, तर त्याने तत्परतेने तारीख ८ केली असणार. तत्परता चांगलीच. पण परभणीच्या टेबलावर त्या तत्परतेने चुकीची तारीख पोचवली असती, आणि भिंतीवरचे न बदलणारे कॅलेंडर बरोबर ठरले असते.

याशिवाय प्रत्येक जिल्हाधिकारी वर्षाला काही स्थानिक सुट्ट्या जाहीर करतो. त्या जिल्ह्यापुरत्याच असतात आणि राज्याच्या यादीत येत नाहीत. म्हणजे परभणीला एकच वर्गणी पुरणार नाही. राज्याची अधिसूचना, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, तिथींची यादी आणि चंद्रावर अवलंबून असलेले सण, असे चार स्रोत वेगवेगळे जोडावे लागतील. मेलच्या प्रोग्रामना याचे वावडे नाही, चार कॅलेंडरे चार रंगांत एकावर एक दाखवणे त्यांना चांगले जमते. अडते ते पलीकडच्या टोकाला. राजपत्र आणि आदेश पीडीएफमध्ये निघतात. पीडीएफ माणसाला वाचता येते. तिची वर्गणी घेता येत नाही. मधे कुणीतरी बसून ओळ न् ओळ टंकायला लागते, आणि २०२३ किंवा २०२५ सारखी सुधारणा आली की ज्याने टंकले त्यालाच ती कळावी लागते.

अनिश्चिततेसाठी मानकात एक जागा मात्र पहिल्या दिवसापासून आहे. १९९८ पासून प्रत्येक घटनेला 'स्थिती' लिहिता येते, आणि तिच्या तीन किमती आहेत: तात्पुरती, निश्चित, रद्द. २०२६ साठी यादी करणाऱ्याने १८ मेच्या खरीप मेळाव्याला निश्चित लिहावे. त्या वर्षी १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे, पण विद्यापीठाच्या वर्धापनदिनाला त्याच्याशी कर्तव्य नाही. अधिक महिन्याने पुढे ढकललेल्या २५ जुलैच्या आषाढीलाही निश्चित लिहायला हरकत नाही. दोन्ही ईदना चंद्र दिसेपर्यंत तात्पुरतीच लिहावे, आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हातात पडेपर्यंत स्थानिक सुट्ट्या त्या फाइलीत घालूच नयेत.